कम्प्युटर आला आणि सिस्टरची झोप उडाली

जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांतून हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला जे येतात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ताई नवीन सॉफ्टवेअर आलंय, बाकी सगळे पटापट करतात, मलाच जमत नाही, नोकरी राहील का. नर्सेस येतात, लॅबवाले येतात, केसपेपर काढणारे पण येतात. त्यातलीच ही एक केस, ओळख बदलून आणि त्यांना विचारून लिहितेय.

सिस्टर मूळच्या अमळनेरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्ड सांभाळतात. सलाईन लावायला नस सापडत नसेल तर नवीन डॉक्टरसुद्धा यांनाच हाक मारतात. आणि ही बाई माझ्यासमोर बसून रडत म्हणाली, "ताई, हाई मले जमाव नही." ड्यूटीला निघायच्या आधी पोटात गोळा येतो, रात्री दोन-तीनला जाग येते, राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला.

अशा वेळी "घाबरू नका, होईल हळूहळू" म्हणून मोकळं होता येतं पण त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं सिस्टर, कालची ड्यूटी पहिल्यापासून सांगा, काय काय केलं ते.

तर असं, सकाळी टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी घ्यायचं, वॉर्डात कम्प्युटर एकच आणि राऊंडच्या वेळी त्यावर डॉक्टर बसलेले, म्हणून सिस्टर रीडिंग ग्लोव्हजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून खिशात ठेवतात, मग तेच रजिस्टरमध्ये उतरवतात कारण रजिस्टर बंद करा असं कोणी सांगितलेलंच नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत कम्प्युटर मोकळा झाला की तेच तिसऱ्यांदा टाईप करायचं, त्यात मधेच सिस्टीम हँग. स्क्रीनवर सगळ्या पेशंटचं बीपी दुपारी 1:40 ला घेतलेलं दिसतं! त्यावरून एका डॉक्टरांनी भर वॉर्डात विचारलं, सकाळपासून बीपी घेतलं नाही का? पोरींसमोर. खरी जखम ती होती, कम्प्युटरची भीती त्यानंतर बसली.

दुसरी गोष्ट लॉगिनची. पासवर्ड अडकले म्हणून अख्खी शिफ्ट एकाच मुलीच्या लॉगिनवरून एंट्री करायची. सिस्टर म्हणाल्या, उद्या औषधात काही कमीजास्त झालं तर नाव कोणाचं येईल? ही भीती अगदी रास्त आहे, याला मी चिंतारोग म्हणणार नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे तुमचं, उजवीकडे हॉस्पिटलचं. डावीकडे आलं टायपिंग हळू, इंग्रजी मेसेज आला की हात थांबतो, लहान पोरींना विचारायची लाज. उजवीकडे आलं डबल काम, एक कम्प्युटर, एका दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून उरकलेलं ट्रेनिंग, लॉगिन, लाईट गेली तर काय करायचं ते माहीत नाही. उजवी बाजू भरून खाली आली. सिस्टर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणजे विहिरीवर मोटर बसवली आणि मोटेचे बैल पण जुंपलेलेच ठेवले!

फ्रेड डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये मांडलं होतं की माणूस नवीन तंत्रज्ञान स्वीकारताना दोन गोष्टी बघतो, माझ्या कामाला उपयोग आहे का आणि वापरायला सोपं आहे का. यात वय कुठे आलं? लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय सारख्या मोठ्या हॉस्पिटलने 2002 मध्ये डॉक्टरांनी ऑर्डर कम्प्युटरवरच टाकायची सिस्टीम आणली, वेळ फार जातो म्हणून डॉक्टरच बिथरले आणि 2003 च्या जानेवारीत ती थांबवावी लागली. तिथल्या डॉक्टरांना कोणी मंद म्हणत नाही, मग आपल्या सिस्टर स्वतःला का म्हणतात?

मी कम्प्युटरच्या विरोधात बिलकुल नाही हं. धडगाव-अक्कलकुव्याचा पेशंट धुळ्याला रेफर होतो तेव्हा पावसात भिजलेले कागद घेऊन येतो, मजुरीला गुजरातमध्ये गेलेल्या बाईचे आधीचे रिपोर्ट कुठेच सापडत नाहीत, अशांसाठी नोंद नीट राहणं फार गरजेचं आहे. आरोग्याच्या नोंदी ऑनलाईन जोडणारं सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 पासून देशभर आहे, त्यातला 14 अंकी आभा नंबर, म्हणजे पेशंटचा आरोग्य ओळख क्रमांक, आता खेड्यातही माहीत झालाय, हे मागे जाणार नाही. म्हणूनच जी बाई रोज एंट्री करणार आहे तिला आधी विचारा ना, सॉफ्टवेअर घेताना एकदा वॉर्डात उभं राहून बघा ना!

डाव्या बाजूचं काम आम्ही दोघींनी केलं. फोनवरून पोराला पैसे पाठवता, व्हॉट्सॲप चालवता, मग "मला काहीच येत नाही" हे खरं कसं, यावर बोललो. रोज थोडा वेळ एका ज्युनियर मुलीसोबत सराव, बदल्यात सिस्टरने तिला नस शोधायला शिकवायचं, त्यामुळे लाज गेली. उजवी बाजू सिस्टरनी मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख बाईंना, दाखवली, तक्रार म्हणून नाही, पुठ्ठा हातात घेऊन, हे बघा मॅडम असं होतं. तेव्हा कळलं की रीडिंगची खरी वेळ टाकायचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होता, कोणी दाखवलाच नव्हता. लॉगिन वेगवेगळे झाले, लाईट गेली की भरायचा कागदी फॉर्म ठरला. रजिस्टर मात्र अजून चालू आहे, त्यासाठी मेट्रन वर भांडताहेत. सगळीकडे असं ऐकून घेतात असं नाही हे मला माहीत आहे.

तुमचंही असंच चाललं असेल तर राजीनाम्याआधी ती रेघ मारून बघा, उजवी बाजू एकटीने न नेता दोघी-तिघी मिळून लेखी द्या, आणि दुसऱ्याच्या लॉगिनवरून औषधाची एंट्री करू नका. झोप उडणं, धडधड, रडू येणं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.