लेबलावरचं इंग्रजी : जॅम की प्रिझर्व्ह, सुलताना की रेझिन?

पाचगणीच्या एका बचत गटाकडून : आम्ही स्ट्रॉबेरीचा जॅम आणि क्रश करतो. दुकानदार म्हणतात, ‘प्रिझर्व्ह’ आणि ‘सिरप’ छापा, भारी वाटतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. कानाला सारखे वाटले तरी यातल्या बहुतेक शब्दांना आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांचं माप लावलेलं आहे. नमुना तपासणीला गेला, तर नाव आणि आतला माल जुळावा लागतो.

जॅम म्हणजे साखरेत आटवलेला गर. रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजायच्या उपकरणावर त्याचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, किमान 65 हवा. फळ किमान 45 टक्के लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला 25 टक्क्यांची सवलत आहे. जेलीत गर नसतो, गाळलेला रस असतो. ती आरपार दिसावी आणि चमच्याने कापल्यावर तिची कड उभी राहावी. पेरूची जेली सहज जमते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट धरणारा फळातला घटक, कमी, त्यामुळे वरून पेक्टिन घातलं नाही आणि लिंबाच्या रसाने आंबटपणा वाढवला नाही, तर हाती पाकच लागतो. मार्मलेड संत्र्या-लिंबाच्या जातीच्या फळांचं, सालीच्या कापांसकट. स्ट्रॉबेरीला ते नाव लावू नका. प्रिझर्व्ह म्हणजे आपला मुरांबा, अख्खं फळ किंवा मोठी फोड पाकात मुरलेली. तुमच्या बाटलीत फळ विरघळून गेलं असेल, तर तो जॅमच.

पाचगणीकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जॅम 105 अंशांवर उतरवा, असं पाककृतींत छापलेलं असतं. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. पाचगणी साधारण 1,300 मीटर उंचीवर, तिथे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर आधी नुसत्या उकळत्या पाण्यात धरा, आलेल्या आकड्यात साडेचार ते पाच अंश मिळवा आणि तिथे गॅस बंद करा. 105ची वाट पाहिलीत, तर जॅम काळपट आणि चिवट होतो, ब्रिक्स 70च्या वर गेला की बाटलीत साखरेचे खडे धरतात. घाईने लवकर उतरवला आणि ब्रिक्स 65च्या खाली राहिला, तर बुरशी येते.

आता क्रश. स्क्वॅश, क्रश आणि सिरप या तिन्हींत रस किमान 25 टक्केच लागतो. फरक साखरेच्या दाटपणात. किमान ब्रिक्स स्क्वॅशला 40, क्रशला 55, सिरपला 65. म्हणजे 55चा क्रश सिरप म्हणून विकणं चूकच. पर्यटकांच्या दुकानांत हे तीन शब्द सर्रास अदलाबदल होतात, म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. टिकवण्यासाठी स्ट्रॉबेरीत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका. सल्फाइटने फळाचा लाल रंग उडतो. लिंबाच्या स्क्वॅशला ते चालतं. लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट, तेही नियमाच्या मर्यादेत आणि लेबलावर नोंदवून.

तासगावहून एक बेदाणा उत्पादक : परदेशी ऑर्डरमध्ये ‘सुलताना’ मागितलंय. आमचा माल थॉमसनचा. पाठवावा का? आणि रेझिन, करंट म्हणजे नेमकं काय?

थॉमसन सीडलेस आणि सुलताना ही एकाच द्राक्षाची दोन नावं, तेव्हा जातीचा प्रश्न नाही. प्रश्न प्रक्रियेचा आहे. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सुलताना म्हणजे वाळवण्याआधी द्रावणात बुडवलेला, सोनेरी-तपकिरी, बिनबियांचा बेदाणा. आपल्या शेडवर नेमकं हेच होतं : लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डीपिंग ऑइल, त्यात द्राक्षं दोन ते चार मिनिटं, मग रॅकवर सावलीत. द्रावणाने सालीवरच्या मेणाचा थर मोकळा होतो, पाणी लवकर निघून जातं आणि रंग उजळ राहतो. न बुडवता उन्हात वाळवलेला गडद माल म्हणजे तिकडचा रेझिन. अमेरिकेत मात्र सगळ्यालाच रेझिन म्हणतात. उजळ हवा असेल तर ‘गोल्डन रेझिन’ लिहितात, आणि त्याला गंधकाची प्रक्रिया केलेली असते.

म्हणून ग्राहक कुठल्या देशाचा आहे ते आधी पाहा, आणि नुसत्या नावावर सौदा न करता रंग, मण्याचा आकार आणि ओलाव्याची टक्केवारी लेखी घ्या. गंधकाची धुरी दिली असेल, तर ते लपवू नका : युरोपात सल्फर डायऑक्साइड किलोला 10 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पाकिटावर सांगावंच लागतं.

करंट म्हणजे ब्लॅक कोरिंथ या ग्रीक द्राक्षाचा बारीक, काळा, आंबूस मणी. शरद सीडलेसचा काळा बेदाणा त्या नावाने पाठवू नका, माल परत येईल. ब्लॅककरंट तर द्राक्षच नव्हे, ते वेगळ्याच झुडपाचं फळ. (आइस्क्रीमच्या कपात त्या नावाखाली पुष्कळदा काळ्या मनुकाच निघतात, ते सोडा.)

कराडहून : ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्स्पायरी’ यांत फरक काय? दुकानात दोन्ही दिसतात.

बेस्ट बिफोर चवीची आणि दर्जाची तारीख. ती उलटली की बिस्किट मऊ पडेल, मसाल्याचा वास उतरेल. खाल्लं म्हणून लगेच अपाय होईलच असं नाही. एक्स्पायरी किंवा यूज बाय ही सुरक्षिततेची तारीख, तिच्यानंतर माल विकायचाही नाही. आपल्या नियमांत आता एक्स्पायरी किंवा यूज बाय छापणं सक्तीचं आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक. दोन्ही छापलेल्या असतील, तर निर्णय एक्स्पायरीवर.

मिरजेहून : घरच्या हळदीच्या पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ छापू की ‘नॅचरल’?

ऑरगॅनिक छापून दुकानात विकायचं, तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय मालाच्या सरकारी प्रमाणन पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यासोबत सेंद्रिय मालाचं अधिकृत चिन्ह. रासायनिक खत घातलं नाही, एवढं पुरत नाही. नॅचरलला प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यात रंग किंवा दुसरी भेसळ निघाली, तर तो शब्द तुमच्याच अंगाशी येईल. प्रमाणपत्र होईपर्यंत ‘सांगलीची हळद, दळलेली’ एवढंच छापा.