तिचं मन वळवू नका, ताई

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी तीन वर्षं डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करते, पहाटेच्या शिफ्टला अंधारातच घर सोडते, पगार जेमतेम वाढलाय, आणि चालून आलेली ऑफिसातली नोकरी तिने नाकारली. "तिचं मन कसं वळवू?" एवढंच तुम्ही विचारलंय. पण मला पत्रातलं दुसरंच एक वाक्य खुपलं. तिचा जुना पेशंट गेला, त्या रात्री ती जेवली नाही, आणि तुम्ही तिला म्हणालात, "लोकांची मरणं बघायला शिकवलं का तुला?"

हा माणूस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास तिच्यासमोर असायचा. तीन वर्षांत साडेचारशेच्या वर भेटी होतात. सख्खे नातेवाईक तरी इतके भेटतात का? त्याच्यासाठी दोन अश्रू ढाळायला तिला घरात जागा हवी होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली, याला तुम्ही हट्ट म्हणता. मला त्यात हट्ट दिसत नाही. कृत्रिम मूत्रपिंड, म्हणजे डायलिसिसचं मशीन, बनवणाऱ्या विलेम कॉल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये रुग्णांवर उपचार सुरू केले, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून उठली. मधल्या काळात त्यांनी काम सोडलं असतं, तर तुमच्या मुलीचा पेशंट तिला भेटलाच नसता.

"मशीनच सगळं करतं, ही फक्त बटणं दाबते," असंही तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज मी डॉक्टरांच्या घरांतूनही ऐकलाय. रक्त मिनिटाला ३०० ते ४०० मिलिलिटर वेगाने शरीराबाहेर जाऊन परत येत असतं. एका सत्रात साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि त्यात क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात घालतात ते जंतुनाशक) राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून शिफ्ट सुरू होण्याआधी ते पाणी तपासावं लागतं. सुई लावण्यापूर्वी हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून आतली थरथर लागते का, हे बघावं लागतं. थरथर थांबली असेल तर सुई लावायचीच नाही, आधी डॉक्टरांना कळवायचं. एका तंत्रज्ञ मुलीला काम करताना मी जवळून पाहिलंय. गप्पा मारणारे आजोबा मध्येच गप्प झाले, त्यांना दोन जांभया आल्या. अलार्म वाजला नव्हता, बीपीचं पुढचं रीडिंग यायला अजून वेळ होता. तिने लगेच मशीनने अंगातलं जादा पाणी काढणं थांबवलं, डोक्याची बाजू खाली केली, मग बीपी घेतलं. पडलेलंच होतं. हे कुठल्या बटणात बसतं?

या कामात टिकून राहिलेल्यांना मी नेहमी विचारतो, का राहिलात? पगार कुणीच आधी सांगत नाही. धाप लागलेला, पाय सुजलेला, आडवंही होता न येणारा माणूस चार तासांनी चालत घरी जातो, हे ते सांगतात. मेहनतीचं फळ त्याच दिवशी दिसावं, अशी कामं थोडीच असतात. "सुई हिच्याच हातची हवी" असं पेशंट म्हणतो, ते सांगतात. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर पेशंटचं जे वजन राहायला हवं ते, बदलायला हवं हे त्यांचं म्हणणं डॉक्टर ऐकून घेतात, हेही.

पण एक कारण ऐकलं की मला काळजी वाटते: "मी गेले तर माझ्या पेशंटचं कोण बघणार?" तुमची मुलगी केवळ याच धाकाने थांबली असेल, तर ते बरं नाही. माणसं कमी ठेवून अपराधी भावनेवर चालणारी युनिट असतात, आणि चांगली मुलं तिथेच आधी कोलमडतात. तेव्हा तिच्याशी बोला, पण वेगळं बोला. एका वेळी तिच्याकडे किती पेशंट असतात? हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का? पेशंट गेला की युनिटमध्ये त्याबद्दल कुणी दोन शब्द बोलतं का? नवीन मुलांना शिकवणं, पाण्याच्या प्लँटची जबाबदारी, घरी डायलिसिस करणाऱ्यांना तयार करणं, यातलं काही तिच्या वाट्याला येण्यासारखं आहे का? सगळीकडे नकारच असेल तर युनिट बदलायला सांगा. पेशा बदलायला सांगू नका.

नर्सिंग किंवा वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे पर्याय तिला तुमच्याइतकेच माहीत आहेत. विचारायचं असेल तर ती विचारेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि त्या गेलेल्या पेशंटबद्दल आज रात्री तिला विचारा. त्यांचं नाव काय होतं, खुर्चीत बसल्या बसल्या ते काय बोलायचे, एवढंच.