व्हायरल तापानंतर वास आणि चव गेली, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. खरंच असं होतं का? परत कधी येते?

होतं. आणि मनाचे खेळ अजिबात नसतात. घरच्यांचं ते वाक्य वाचलं म्हणूनच उत्तर लिहायला घेतलं, कारण माझ्या आईला ते भर भावकीत ऐकावं लागलं होतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. थंडी पडली की मळ्यात भरीत पार्टी ठरलेली. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाळ, हिरवी मिरची, लसूण, सोबत कळण्याची भाकरी. आईचं भरीत भावकीत नावाजलेलं. वांगं आतपर्यंत भाजलं की नाही हे ती वासावरून सांगायची. २०२० च्या सप्टेंबरात तिला कोरोना झाला. ताप लवकर उतरला, वास मात्र गेला तो गेलाच. त्या हिवाळ्यात मळ्यात ती म्हणाली, मला वास येत नाही, वांगी दुसऱ्या कुणीतरी बघा. त्यावर मोठे बाबा, म्हणजे आईचे जेठ, सगळ्यांसमोर म्हणाले, "हाई समदं नाटक शे."

एवढ्यावर थांबले नाहीत. तापलेल्या तव्यावर लाल मिरच्या टाकून तवा तिच्याजवळ आणला. आईला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "वास येस नही ते मंग ठसका कसा लागना?" लोक हसले. वर दुसरा पुरावा काढला: भाजीत मीठ बरोबर पडतं, मग चव गेली कुठे? जेठांसमोर आई कधी तोंड वर करून बोललेली नाही, तेव्हाही बोलली नाही. तिच्या वतीने मी उत्तर देते.

मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे. मिरचीची आग ट्रायजेमिनल नावाच्या नसेला कळते. चेहऱ्याला चटका बसला की जी नस सांगते, तीच ही. वासाची नस पूर्ण वेगळी. कापूर, अमोनिया, विक्स यांचा झणकाही मुख्यतः याच ट्रायजेमिनलमधून जातो, म्हणून विक्स झोंबतंय म्हणजे वास येतोय, असं होत नाही. राहिलं मीठ. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मटणाच्या रश्शात लागते तशी चव) एवढंच कळतं. लसूण, भाजलेलं वांगं, कोथिंबीर यांची म्हणून जी चव आपण ओळखतो, ती घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. आईचं मीठ बरोबर पडायचं ते जीभ शाबूत होती म्हणून. (काहींची जीभही बिघडते, पण बऱ्याच जणांची 'चव गेली' ही तक्रार वासाचीच असते.)

साध्या सर्दीत नाक चोंदतं म्हणून वास जातो. कोरोनात नाक मोकळं असूनही जातो, कारण विषाणू वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. फ्लू आणि सर्दीच्या इतर विषाणूंनंतरही वास जाऊन राहू शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्येच वास-चव जाणं कोरोनाच्या लक्षणांत घातलं होतं. आमची पार्टी त्यानंतरची.

परत कधी येते? बहुतेकांची काही आठवड्यांत, काहींना महिने लागतात, कुणाला वर्षही. वासाच्या पेशी नव्याने तयार होतात, म्हणून वेळ लागतो. गोळीपेक्षा सरावावर भर द्या. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आहे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक दहा-वीस सेकंद, हलकेच हुंगायचे आणि तो वास मनात आठवायचा. निदान १२ आठवडे. आईकडून मी हेच करून घेतलं. मधे तिला लसणाच्या फोडणीला जळक्या रबराचा वास यायला लागला, ती चुलीपासून उठून जायची, तर घरात "आता नाक मुरडते" सुरू झालं. याला पॅरोस्मिया म्हणतात. पेशी पुन्हा जोडल्या जाताना असं बऱ्याच जणांना होतं. आईचा वास बराचसा परत आला, सगळा नाही.

नाकात लिंबाचा रस, मोहरीचं तेल असलं काही घालू नका. स्टेरॉइड मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. तुमचा ताप नेमका कशाचा होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा महिन्यावर गेलं असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ताप नसताना वास गेला, डोक्याला मार लागला, एकाच नाकपुडीतून रक्त येतंय, अशा वेळी तर लगेच. आणि सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, कारण गळतीचा वास तुम्हाला येणार नाही. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांपैकीच कुणाकडे तरी द्या.