मॅगझिन, शस्त्र आणि हत्यार

प्रश्न असा: कॅलिफोर्नियातल्या मॅगझिनबंदीच्या खटल्यावर मराठीत लिहिताना ‘लार्ज कपॅसिटी मॅगझिन’ला काय म्हणावे? ‘काडतूसपेटी’ चालेल का?

‘काडतूसपेटी’ नको. तिने दुकानातून आणलेला काडतुसांचा खोका डोळ्यांपुढे येतो. मॅगझिन हा पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलीच्या पोटाखाली बसणारा कप्पा. एक गोळी झाडली की आतली स्प्रिंग पुढचे काडतूस वर सरकवते. आपल्या गुन्हेवार्तांत ‘एक पिस्तूल, मॅगझिन व चार जिवंत काडतुसे जप्त’ असे सर्रास छापून येते. रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. शिवाय तो ‘खजिना’चा भाऊबंद आहे. साठवणे या अर्थाच्या अरबी धातूतून ‘खजिना’ फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि ‘मखजन’ म्हणजे कोठार हा शब्द इटली-फ्रान्सचा वळसा घेऊन इंग्रजीत ‘मॅगझिन’ झाला. दिल्लीत ११ मे १८५७ रोजी इंग्रजांनी स्वतःच उडवून दिलेले ‘मॅगझिन’ हे दारूगोळ्याचे कोठारच होते. नियतकालिकाचा अर्थ त्याला १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्हच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मुळे चिकटला. (यंत्रावर अनुवाद करणार असाल तर ‘मासिके’ जप्त झाली नाहीत ना, तेवढे पाहा.)

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेच्या घटनेची १७९१ची दुसरी दुरुस्ती लोकांना ‘आर्म्स’ बाळगण्याचा हक्क देते. मग मॅगझिन ‘आर्म्स’मध्ये मोडते का? सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या हेलर खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी अठराव्या शतकातले कोश उघडून कोशकार सॅम्युएल जॉन्सनची व्याख्या घेतली: हल्ल्याची आयुधे किंवा बचावाचे चिलखत. आता चिलखतसुद्धा आत येत असेल, तर आपला ‘शस्त्र’ शब्द तोकडा पडतो. ‘हत्यार’ घ्यावा तर तो भलताच ऐसपैस. खंडेनवमीला करवत-रंधाही हत्यारे म्हणून पुजले जातात. मी ‘शस्त्र’च वापरीन, पण पहिल्या वेळी ‘आर्म्स, म्हणजे शस्त्रे’ असे लिहून.

न्यायालयांचेही या शब्दावर एकमत नाही. न्यू जर्सीतल्या अशाच बंदीच्या खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की मॅगझिनशिवाय काही बंदुका नीट चालतच नाहीत, म्हणून ते ‘आर्म्स’; बंदी मात्र कायम ठेवली. उलट मार्च २०२५ मध्ये डंकन विरुद्ध बोंटा या कॅलिफोर्नियाच्या खटल्यात नवव्या सर्किटने ७ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन हे शस्त्र नव्हे, शस्त्राला जोडायची वस्तू आहे. आणि शस्त्र धरले तरी असे निर्बंध देशाच्या परंपरेत बसतात. ही दुसरी पायरी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रूएन निकालामुळे आली, कारण त्याने शस्त्रनिर्बंधांना इतिहासातला आधार दाखवण्याची सक्ती केली. बंदी उचलून धरणाऱ्या या निकालाशी असहमत असलेल्या न्यायाधीश व्हॅनडाइक यांनी तर आपल्या दालनात पिस्तुले हाताळून दाखवतानाचा व्हिडिओच मतपत्राला जोडला. सुटे भाग आणि जोडवस्तू यांत रेघ मारता येत नाही, हा त्यांचा मुद्दा.

आपल्याकडे ही कसरत करावी लागत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमातली ‘शस्त्रे’ची व्याख्या सुट्या भागांनाही कवेत घेते.

म्हणून त्या निकालावर लिहिताना मॅगझिनला ‘सुटा भाग’ म्हणू नका आणि ‘उपसाधन’ही म्हणू नका, दोन्ही शब्द एकेका पक्षाचे वकीलपत्र घेतात. ‘मोठ्या क्षमतेचे’ या विशेषणाचेही तेच. ते कायद्याचे आहे. बंदूकमालकांच्या बाजूचे लोक त्याच वस्तूला ‘नेहमीच्या क्षमतेचे’ म्हणतात, कारण ग्लॉक १७ पिस्तूल मुळातच सतरा गोळ्यांच्या मॅगझिनसह विकले जाते. ‘दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन’ असे सरळ आकड्यात लिहा. अवतरणात कायद्याची भाषा द्यायची असेल तेव्हाच ‘मोठ्या क्षमतेचे’.