पाइपावरची ओळ वाचून जा

भाऊ, तू लिहिलंस की पारोळा तालुक्यातला आहेस, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, दोन मुलाखतींत नाकारलं आणि आता गुरुवारी जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात प्रॉडक्शन ट्रेनीसाठी बोलावलंय. घरी अहिराणी, इंग्रजी कच्चं आणि 'अनुभव काहीच नाही'. या शेवटच्या वाक्यावर मी अडलो. कारण त्याच्याच वर तू लिहिलंयस की विहिरीपासून वावरापर्यंतची पाइपलाइन तू आणि वडिलांनी मिळून टाकली आणि कपाशीचं ठिबकही तूच जोडलंस. मग अनुभव नाही कसा?

मी चौदा वर्षं अशाच एका पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो आणि ट्रेनी निवडताना टेबलाच्या पलीकडे बसतो. येणारी बहुतेक मुलं पाठ केलेलं बोलतात. 'मी मेहनती आहे, टीममध्ये काम करतो, पाच वर्षांनी मॅनेजर व्हायचंय.' दहा मुलं तेच बोलली की अकराव्याचं कानात शिरत नाही. चुकतात म्हणून नाही, त्यात ते स्वतः कुठे दिसतच नाहीत म्हणून.

मागे एक मुलगा आला होता, मार्क बेताचे. घरच्या कामाचं विचारल्यावर म्हणाला, रात्री लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते आणि चढावरच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, पाइप फुटतो. दोनदा जोडला, दोनदा फुटला. मग त्याच्या लक्षात आलं की रिकाम्या लाइनीतली हवा चढावर अडकते आणि मागून पाणी धडकतं. त्याने तिथे हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवला, मोटर सुरू करताना लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवायला लागला, आणि फुटणं थांबलं. हे सगळं त्याने मराठीत सांगितलं, मध्ये 'आहे'च्या जागी 'शे' पण येत होतं. आम्ही त्याला घेतला.

तुझी गोष्टही अशीच बांध. काय अडलं, आधी काय वाटलं, काय करून पाहिलं, शेवटी काय झालं. आकडे घाल: किती फूट लाइन, किती एमएम, किती एचपीची मोटर. घरच्या माणसाला दोन-तीनदा मोठ्याने सांगून बघ. पाठ मात्र करू नकोस.

आता वावरात जा आणि पाइपावर छापलेली ओळ वाच. आपल्याकडे सगळे '७५ एमएम, चार किलो' म्हणतात, पण चार किलो म्हणजे काय हे विचारलं की डिप्लोमावालेही गप्प होतात. ते पाइपाचं वजन नाही. दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो दाब, म्हणजे साधारण ४० मीटर पाण्याच्या उंचीइतका. आणि ७५ एमएम हा बाहेरचा व्यास. त्याच ओळीत आयएस ४९८५ दिसलं तर ते पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक. त्यातला दाब २७ अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्या मे महिन्यात बांधावर उघडा तापलेला पाइप तेवढा सोसत नाही. वडील पाइप गाडून टाका म्हणतात त्यामागे हेही आहे.

व्हर्नियरचा, म्हणजे बारीक माप घ्यायच्या कॅलिपरचा, सराव कर, कॉलेजात जाऊन कर. ०.०२ मिमीचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) तोंडपाठ असतो, पण हातात पाइपाचा तुकडा दिला की जाडी मोजताना हात अडखळतो. आम्ही तुकडा देतोच. एकाच जागी मोजू नकोस, गोल फिरवत चार-पाच ठिकाणी मोज. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ निघतो का, तेच बघायचं असतं.

कारखान्यातलं काम थोडक्यात असं: रेझिन पावडर आणि स्टॅबिलायझर, कॅल्शियम वगैरे हॉट मिक्सरमध्ये, मग थंड करून एक्स्ट्रूडरला, म्हणजे माल वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनला, डायमधून (साच्यातून) निघालेला पाइप व्हॅक्यूम टँकमध्ये आकार धरतो, थंड होतो, हॉल-ऑफ त्याला ओढतो, पुढे कटर आणि सॉकेट, म्हणजे जोडासाठी रुंद केलेलं टोक. जाडी सगळीकडे कमी भरतेय, काय करशील, असं विचारलं तर हॉल-ऑफचा वेग कमी करून बघेन म्हण, हळू ओढला की पाइप जाड निघतो. आणि येत नसेल तर 'हे माहीत नाही सर' एवढंच म्हण. थापा मारलेल्या लगेच कळतात.

इंग्रजीत प्रश्न आला आणि कळला, पण बोलता येईना, तर सरळ विचार: 'सर, मराठीत सांगू का?' एकदाच विचार, आणि मग मोकळेपणाने सांग. शिफ्टवर आम्ही मराठी-हिंदीतच बोलतो. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो महिन्याभरात जमतो. एम-थ्री म्हणजे गणिताचा पेपर राहिला होता असंही तू लिहिलंयस, तो बॅकलॉग लपवू नकोस, मार्कशीट समोर असतेच. कधी सुटला ते सांगून मोकळा हो.

शेवटी 'तुला काही विचारायचंय?' म्हणतील तेव्हा मान हलवून उठू नकोस. नेमणूक १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आहे की कंपनीच्या रोलवर, म्हणजे कंपनीचा कर्मचारी म्हणून, हे विचार. अप्रेंटिस असशील तर स्टायपेंड मिळतो, पीएफ लागू होत नाही. किती महिने, रात्रपाळी कधीपासून, राहायची सोय आहे का, हेही विचार. यात उद्धटपणा नाही. घरी जाऊन वडिलांना काय सांगायचं हे तुला माहीत हवं.

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, दाखला आणि आधार, मूळ प्रती आणि झेरॉक्स बुधवारीच फाइलला लाव. जळगाव स्टँडवरून एमआयडीसी अजिंठा रोडच्या बाजूला आहे, रिक्षाने जावं लागतं, तेव्हा एक एसटी आधीची धर. आणि उद्या पाइपलाइनचा फुटलेला, बदललेला एखादा जुना तुकडा घरात सापडला तर त्याचा फोटो इथे टाक, त्यावरची ओळ आपण मिळून वाचू.