नववीतला मुलगा धडा घडाघडा वाचतो, पण गोष्ट कळत नाही. कसं शिकवू?

‘गोष्टीत काय झालं?’ विचारलं की मुलगा गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. गप्प बसतो ते बरंच आहे हो. माझ्या वर्गातली मुलं गप्पही बसत नाहीत. गोष्ट कुठलीही असो, ‘आपण नेहमी खरे बोलावे’ असं तात्पर्य ठोकून मोकळी होतात.

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. तात्पर्य विचारणं मी सोडून दिलं, ही माझी सुरुवात. उदाहरण देते. ‘श्यामची आई’मधला तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. अंघोळ झालेला श्याम धोंड्यावर उभा आहे, ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओचे पसरायला सांगतो, आणि पुढे आई ते मनाला घाण न लागू देण्याचं वाक्य म्हणते. गाइडमध्ये तेच वाक्य असतं. मी ते बाजूला ठेवते आणि विचारते, ओचे म्हणजे काय? वर्गात कुणालाच माहीत नसतं. आमच्या शाळेतल्या एक मावशी नऊवारी नेसायच्या, त्यांनीच एकदा पुढचा निऱ्यांचा भाग धरून दाखवला. लगेच एक मुलगा म्हणाला, “म्हणजे बाई, तिचं नेसतं लुगडं ओलं झालं की!”

झालं, गोष्ट उघडली. मग, ती चिडली का? अर्धा वर्ग हो म्हणतो, अर्धा नाही. माझी अट एकच: मत काहीही असू दे, पण कुठल्या ओळीवरून म्हणतोस तिथे बोट ठेव. ओळ शोधता शोधता पोरं तो उतारा तीनदा वाचतात, न सांगता. शेवटी विचारते, हे सांगतंय कोण? लहान श्याम? नाही, आश्रमातल्या मित्रांना गोष्टी सांगणारा मोठा श्याम. लहानग्याला माती दिसत होती, ओलं लुगडं आठवतंय ते मोठ्याला. साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हेही मी तेव्हाच सांगते. आधी सांगितलं तर ती नुसती ‘लेखक परिचया’ची ओळ होते.

घरी तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. चौदा वर्षांच्या मुलाला कसलं वाचून दाखवायचं, असं वाटेल, पण बोलीभाषेतली कथा कागदावर अडते आणि कानावर पडली की सुटते. पंधरा मिनिटं पुरे. पात्र काहीतरी ठरवणार असेल तिथे थांबा आणि त्याला विचारा. प्रत्येक शब्दाला शब्दकोश नको, ‘ओचे’सारखा प्रसंगच ज्यावर टांगलाय तेवढाच शब्द बघा.

आणि आपल्या भाषेतले बारके शब्द दाखवा. ‘तो आला’, ‘तो आलाच’, ‘तोही आला’. त्या ‘च’मध्ये कुणाची तरी नाराजी असू शकते. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई मध्येच एकदा ‘अरे’ म्हणाली तर का? पोरांना हे जमतं. मैत्रिणीने नुसतं ‘बरं.’ पाठवलं तर त्या पूर्णविरामावर अर्धा तास चर्चा करणारी ही मंडळी आहेत!

परीक्षेची काळजी करू नका, स्वमताच्या प्रश्नाला हेच कामाला येतं. गोष्टी हव्या असतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक बघा, 1971पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत.

मात्र त्याआधी एक करा. त्याने कधीच न पाहिलेलं एखादं पान त्याला मोठ्याने वाचायला द्या. पाठ्यपुस्तकातला धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो, त्यामुळे घडाघडा वाचतोय असं वाटतं. माझ्याकडच्या एका मुलावर मी दोन महिने असले प्रश्न घालवले आणि मग लक्षात आलं, तो अजून जोडाक्षरांशीच झटत होता. तुमच्या मुलाचं तसं निघालं, तर प्रश्नबिश्न राहू द्या. आधी रोज एक सोपं पान नुसतं वाचून घ्या.