लॉग(क्ष + ५) फोडता का येत नाही?

आपल्या भाचीने अकरावीच्या चाचणीत लॉग(क्ष + ५) याचे लॉग क्ष + लॉग ५ असे रूपांतर केले म्हणून तिचे गुण गेले, पण लॉग(५क्ष) याचे तेच रूपांतर बरोबर धरले गेले, आणि यातला फरक तिला कसा समजवावा, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात बरीच वर्षे अकरावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि ही चूक न करणारा वर्ग मला अजून मिळालेला नाही. कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या प्रत्येक पदाला गुणण्याची सवय मुलांच्या हाताला शाळेपासून लागलेली असते. त्यामुळे 'लॉग' हीसुद्धा कंसाला गुणणारी एखादी संख्याच आहे, असे समजून ती कंस सोडवून मोकळी होतात.

नियम पुन्हा पाठ करून घेण्यापेक्षा तिच्यापुढे लॉग टेबल ठेवा. अप्पा बळवंत चौकात मिळते ती पातळ पुस्तिका पुरेशी आहे. दहा पाया धरून, म्हणजे १० चा कितवा घात केला की ती संख्या मिळते हे पाहिले, तर लॉग २ हा ०.३०१० आणि लॉग ३ हा ०.४७७१ आहे. यांची बेरीज ०.७७८१ येते. आता तिला ५ चा लॉग पाहू द्या, तो ०.६९९० आहे. मग ६ चा पाहू द्या, तो ०.७७८२ आहे, आणि शेवटच्या स्थानातला एकाचा फरक केवळ पूर्णांकनामुळे पडलेला आहे. म्हणजे लॉगांची बेरीज केली की आतल्या संख्यांचा गुणाकार होतो. कारण लॉग हा मुळात घातांक आहे, आणि समान पायाच्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. घातांच्या बेरजेसाठी मात्र असा नियमच नाही, म्हणून लॉग(क्ष + ५) आहे तसाच ठेवावा लागतो. गुणाकाराची बेरीज व्हावी एवढ्याचसाठी तर नेपिअर या स्कॉटिश गणितज्ञाने १६१४ मध्ये लॉगची कोष्टके प्रसिद्ध केली.

भागाकाराची वजाबाकी होते आणि घात गुणक होऊन पुढे येतो, हे त्याच न्यायाने. मात्र लॉग ८ भागिले लॉग २ म्हणजे ३, तर लॉग(८ ÷ २) म्हणजे लॉग ४, अर्थात ०.६०२१, या दोहोंची गल्लत तिला एकदा मुद्दाम करायला लावा.

उलट दिशेने, म्हणजे अनेक लॉगांचा एक लॉग करताना, आधी गुणक घातांकाच्या जागी चढवावेत. २ लॉग ६ − लॉग ९ + लॉग २५ यात प्रथम लॉग ३६ करावा, मग अधिकची पदे अंशात व उण्याची छेदात न्यावीत. ३६ × २५ ÷ ९ म्हणजे १००, आणि उत्तर २.

एक गोष्ट क्लासमध्ये घाईने उरकली जाते, ती अशी की रूपांतराने क्ष ची मर्यादा बदलू शकते. लॉग(क्ष चा वर्ग) = २ याची उत्तरे १० आणि −१० अशी दोन आहेत, पण २ लॉग क्ष = २ असे लिहिताच −१० गळून पडते, कारण ऋण संख्येला लॉग नसतो. याउलट लॉग क्ष + लॉग(क्ष − ३) = १ यात एकच लॉग केल्यावर क्ष(क्ष − ३) = १० मिळते आणि ५ व −२ अशी दोन उत्तरे येतात; −२ मूळ समीकरणात ठेवल्यास ऋण संख्येचा लॉग घ्यावा लागतो, म्हणून ते सोडावे, आणि का सोडले ते उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहावे.